दाराशी गाडी कोणती? जुनी ऐसपैस की नवी आटोपशीर?

घरातले मोठे पितळी पातेले मोडीत द्यायची वेळ आली, की तुमच्या पोटात कसे कालवते ते आठवा. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा ते फळीवरून खाली येते. रोजच्या स्वयंपाकाला ते धूड उपयोगाचे नाही, घासताना हात भरून येतात, कल्हईवाला तर शोधूनही सापडत नाही. तरीपण ‘असू दे, लागतं कधीतरी’ म्हणत आपण ते परत फळीवर ठेवतो. आमच्या दारातल्या गाडीचे अगदी असेच झाले होते.

गाडी म्हणजे टाटा इस्टेट. मामंजींनी नोकरीत असताना हौसेने घेतलेली. १९९२ साली ती बाजारात आली, तेव्हा आपल्याकडच्या रस्त्यांवर ॲम्बॅसडर, फिएट आणि मारुती यांचेच राज्य होते. त्यांत ही लांबलचक, मागे डिकीच्या जागी जणू एक खोलीच असलेली गाडी उठून दिसे. बटण दाबले की काच खाली! तिचे रूप मर्सिडीजच्या वॅगनशी मिळतेजुळते होते, म्हणून गल्लीतली मुले तिला ‘मर्सिडीज’च म्हणत. २०००च्या सुमारास तिचे उत्पादन बंद झाले. आमच्या दारात मात्र ती गेल्या वर्षापर्यंत उभी होती.

मग घरात प्रश्न निघाला. हीच दुरुस्त करून ठेवायची, की एखादी नवी छोटी गाडी घ्यायची? तुमच्याही घरी असा प्रश्न कधी ना कधी येणारच. गाडी इस्टेट असेल, जुनी सुमो असेल, नाहीतर वडिलांची ॲम्बॅसडर असेल. हा विषय पुरुषांचा म्हणून आपण चहाचे कप उचलून आत जातो. पण मैत्रिणींनो, त्या गाडीत बसणार आपली मुले आणि पेट्रोलचे पैसे जाणार आपल्याच घरखर्चातून. तेव्हा जरा बसा आणि हिशेब आपणही करू या.

नावातच सामान

आधी या ऐसपैस गाडीची गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेत हिला ‘स्टेशन वॅगन’ म्हणतात. रेल्वे स्टेशनवर उतरलेली माणसे आणि त्यांच्या ट्रंका एकदम घेऊन जाणारी ती गाडी. सुरुवातीला घोड्याची, पुढे मोटारीची. त्या काळी तिचा मागचा भाग चक्क लाकडाचा असे. इंग्लंडात हिलाच ‘इस्टेट’ म्हणू लागले, कारण जमीनदारांच्या शेतीवाडीवर ती वापरात असे. म्हणजे नाव कोणतेही घ्या, जन्म एकाच कामासाठी : माणसे आणि सामान एका छपराखाली नेणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी मुले वाढली, शहराबाहेर घरे झाली आणि स्टेशन वॅगन ही तिथल्या आईची गाडी झाली. पण १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा ही अवजड गाडी डोईजड होऊ लागली. १९८४च्या सुमारास तिथे मिनीव्हॅन आली आणि वॅगनचा जमाना ओसरला. आपल्याकडे तर तो नीट आलाच नाही. मोठ्या कुटुंबांनी १९९४ नंतर सुमो पसंत केली, २००० साली क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा आली. बाकीच्यांनी छोटी गाडी घेतली.

आणि छोटी गाडी आपल्याकडे इतकी फोफावली त्याला एक सरकारी कारणही आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा कर कमी केला गेला. झाले! कंपन्या चार मीटरच्या आत बसेल असेच माप कापू लागल्या, जसे आपण हाताशी असलेल्या कापडात झंपर बसवतो. आजही तीच रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

मे महिन्यातली ती संध्याकाळ

आता आमच्या गाडीकडे वळते. दर मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून चिपळूणकडे जायचो, माझ्या माहेरी. जाताना पाचजण, येताना आठजण, कारण माझी भाचरे आजोळाहून थेट आत्याकडे येत. त्यात आंब्याच्या पेट्या, आमसुले, कोकमाच्या बाटल्या, तांदूळ. मुले मागे डिकीत गादी टाकून लोळत. ‘डिकीत मी!’ यावरून आधी भांडणे. कुंभार्ली घाट चढताना मागच्या काचेतून दरी बघत गाणी म्हणायची, ही त्यांची सगळ्यांत मोठी मजा. खरे सांगायचे, तर ती मजा बघून मलाही बरे वाटे.

दोन वर्षांपूर्वी परत येताना आईने एक वरवंटा दिला होता. ‘तुझ्याकडचा झिजलाय, हा घेऊन जा,’ म्हणाली. तो मी जुन्या टॉवेलात गुंडाळून डिकीत पेट्यांवर ठेवला. घाट संपला, रस्ता सरळ झाला, गाडीला फार वेग नव्हता. अचानक एक म्हैस आडवी आली. ह्यांनी करकचून ब्रेक लावला. गाडी थांबली, म्हैस वाचली, आम्ही हुश्श केले. आणि मागून धाकटीची किंकाळी ऐकू आली.

पेट्या पुढे सरकल्या होत्या. मुले एकमेकांवर आदळली होती. वरवंटा पेटीवरून निसटून धाकटीच्या भुवईला घासून मागच्या बाकाच्या पाठीवर आपटला होता. कराडला पोचेपर्यंत तिच्या कपाळावर माझा पदर दाबून धरला होता. चार टाके पडले. डॉक्टर टाके घालता घालता एवढेच म्हणाले, “दोन बोटं खाली असता, तर डोळा होता.”

गाडीची यात काही चूक नव्हती. चूक आमची होती. डिकी ही सामानाची जागा, तिथे आम्ही मुले बसवली. सामान बांधले नाही. पण त्या दिवसापासून ‘आपली गाडी भक्कम, तिला काय होतंय!’ हे घरातले पालुपद माझ्या मनातून उतरले. भक्कम गाडीत बसून माझ्या लेकीला टाके पडले होते, आणि तेही कुणाशी टक्कर न होता!

जाड पत्रा म्हणजे सुरक्षित?

मामंजींचे म्हणणे साधे होते. “जुन्या गाडीचा पत्रा बघ. ठोकून बघ, कसा घण वाजतो! तुमच्या नव्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे. जरा धक्का लागला की चेपतात.” तुमच्याकडेही हेच ऐकले असेल. आणि डोळ्यांना दिसते ते तसेच आहे. नव्या गाडीचे नाक लवकर चेपते. पण ती का चेपते, हे कळले की सगळे चित्र उलटे दिसते.

काचेच्या बांगड्या पार्सलने पाठवायच्या, तर तुम्ही काय करता? नुसत्या स्टीलच्या डब्यात घालून धाडता का? डबा पडला तर डब्याला पोचाही येणार नाही, पण आत बांगड्यांचा चुरा! आपण त्या चुरगळलेल्या कागदात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळतो. धक्का त्या कागदाने सोसायचा, बांगडीने नाही. नव्या गाडीची रचना अशीच असते. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम असा केलेला, की तो चुरगळत जाऊन धक्का खाऊन टाकेल. आणि मधला, माणसे बसतात तो भाग मात्र पिंजऱ्यासारखा कडक पोलादाचा. बेला बारेनी नावाच्या इंजिनियरने ही कल्पना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीज कंपनीत मांडली, आणि १९५९ साली ती प्रत्यक्ष गाडीत आली. जुन्या धाटणीच्या गाडीत ट्रकसारखी लोखंडी चौकट आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. आमची इस्टेट तशीच, पिकअप गाडीच्या पायावर उभी केलेली. अशा गाडीचे बंपर शाबूत राहील, पण धक्का थेट आत, माणसांपर्यंत पोचतो.

याचा पडताळा अमेरिकेत २००९ साली जाहीरपणे घेतला गेला. तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ सालची भली थोरली शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची त्याच कंपनीची मालिबू, या दोन गाड्या ताशी साधारण ६४ किलोमीटरच्या वेगाने समोरासमोर आदळवल्या. पन्नास वर्षांपूर्वीचे ते जाडजूड धूड, त्याचे काय झाले असेल? माणूस बसतो तीच जागा चिरडली. स्टिअरिंग आत घुसले. खऱ्या चालकाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याची दशा अशी, की माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीचे नाक पार चेपले, पण तिच्यातल्या चालकाला पायाला मार लागण्यापलीकडे फारसे झाले नसते, असे निघाले.

हे मी मामंजींना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. नुसते “हं” म्हणाले. आमच्याकडे मामंजींचे “हं” म्हणजे अर्धी वाट चालून झाली समजावे!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वजनाला काहीच किंमत नाही असे नाही. दोन्ही गाड्या आजच्या असल्या, तर जड गाडीतल्या माणसांना धक्का कमीच बसतो. पण जुनी जड आणि नवी हलकी यांच्यात निवडायचे असेल, तर नुसते वजन तुमच्या मदतीला येत नाही.

मांडीवरचे मूल

आता सगळ्यांत महत्त्वाचे, आणि हे केवळ आपल्यासाठी. पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसणे ही आपल्याकडची नेहमीची रीत. ‘आईच्या मिठीत आहे, काय होणार?’ मीही थोरल्याला असेच आणले-नेले.

जरा गणित बघा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम आदळून थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा हिसका तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यासारखा असतो. पंधरा किलोचे मूल त्या क्षणी दोनशे किलोंच्या आसपास वजनाच्या ओढीने पुढे फेकले जाते. दोनशे किलो! आपण गव्हाचे पोते दोघी मिळून सरकवतो. कुठलीही माया, कुठलीही मिठी तेवढे धरून ठेवू शकत नाही. शिवाय समोर एअरबॅग असेल, तर ती डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते आणि मांडीवरचे मूल तिच्या आणि तुमच्या मध्ये सापडते.

म्हणून मुलांची जागा मागच्या बाकावर, आणि लहान असेल तर मुलांच्या वेगळ्या खुर्चीत. नव्या गाड्यांच्या मागच्या बाकाच्या फटीत ती खुर्ची अडकवायच्या लोखंडी कड्या असतात, त्यांना ‘आयसोफिक्स’ म्हणतात. कायदाही आता हेच सांगतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा खुर्चीविना बसवले, तर एक हजार रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही पट्टा सक्तीचाच आहे. पण दंडासाठी कशाला? मागचा माणूस पट्ट्याविना असला, की तो पुढच्यावर जाऊन आदळतो. म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्यालाही इजा.

आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश इंजिनियरने व्होल्वो कंपनीसाठी १९५९ साली तयार केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. गाडीतली इतकी साधी आणि इतकी उपकारक वस्तू दुसरी नाही.

नवी म्हणजे चांगलीच, असेही नाही

हे वाचून तुम्ही उद्या कुठलीही चकचकीत छोटी गाडी घेऊन याल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगते. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले! त्या तर तेव्हा नव्याच होत्या.

त्यानंतर मात्र झपाट्याने बदल झाला. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत, गाडी वळवता येते, ते हे. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी आणि मागे घेताना सूचना देणारी यंत्रणा आली. शेजारच्या सीटची एअरबॅगही २०२१ पासून सक्तीची झाली. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारे देण्याची पद्धत सुरू झाली.

आम्ही पाहिली ती अल्ट्रोझ. जुन्या गाडीच्याच कंपनीची, म्हणून मामंजींचा विरोध कमी होईल हा माझा कावा! जानेवारी २०२० मध्ये तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले होते, पण मुलांसाठी तीनच. हे दोन आकडे वेगवेगळे असतात, हे ध्यानात ठेवा. दुकानात ‘पाच तारे’ म्हणतील, तेव्हा ‘मुलांसाठी किती?’ असे विचारायला लाजू नका.

इंजिनाचीही गंमत सांगते. इस्टेटचे डिझेल इंजिन १,९४८ सीसीचे, ताकद ७० अश्वशक्तीच्याही आत. नव्या गाडीचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे, आणि ताकद ८५च्या पुढे. लहान शेगडी आणि मोठी आच! किती इंधन, कधी आणि किती हवेबरोबर जाळायचे हे आता संगणक ठरवतो, म्हणून ही किमया. धुराचेही तसेच. इस्टेट आली तेव्हा आपल्याकडे धुराचे नियम नावालाच होते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ नियमांच्या आहेत. आमची जुनी गाडी सुरू झाली, की शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढत. त्या आता खूश आहेत.

जागेचा हिशेब

या बाबतीत मात्र जुन्या गाडीला तोड नाही, हे कबूल करूनच टाकू. अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटरची. दोन मोठ्या बॅगा, एक लहान, वर एखादी पिशवी, संपले. आंब्याच्या पेट्या आणि आठ माणसे यांचे नावच काढायला नको. मागचा बाक दुमडला तर जागा होते, पण मग माणसे कुठे बसणार?

तेव्हा मी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहा महिने रोज लिहिले : गाडीत आज किती माणसे बसली, सामान किती. निकाल बघून मीच थक्क झाले. बहुतेक दिवशी एक किंवा दोन माणसे. आठवड्यातून एखाद्या वेळी चार. आठ माणसे सहा महिन्यांत फक्त दोनदा! म्हणजे दोन दिवसांसाठी आम्ही एवढी मोठी गाडी रोज पेठेतल्या बोळातून काढत होतो, मंडईजवळ जागा मिळेना म्हणून घिरट्या घालत होतो, आणि मी तर तिच्या लांबीला घाबरून ती चालवतच नव्हते. परवाना हातात असून भाजीला रिक्षा! त्या दोन दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने करता येते. पातेले भाड्याने मिळतेच की, लग्नघरी आपण तेच करतो.

शिवाय चढण्या-उतरण्याचे बघा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. गाडी बघायला जाताना घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला बरोबर न्या आणि मागच्या दाराने आत-बाहेर करायला सांगा. साडी नेसून तुम्हीही चढून बघा. अल्ट्रोझचे दार पूर्ण काटकोनात उघडते, त्यामुळे सासूबाई विनाआधार उतरल्या. विक्रेत्याच्या शंभर वाक्यांपेक्षा ही एक परीक्षा मोलाची!

पैशाचा हिशेब, खरा

‘नवी गाडी घ्या, पेट्रोलमध्येच पैसे सुटतील,’ असे सांगणारे भेटतील. वही-पेन्सिल घ्या.

समजा, महिन्याला ८०० किलोमीटर गाडी चालते. जुनी गाडी लिटरला ११ किलोमीटर देते, नवी १७. जुनीला सुमारे ७३ लिटर लागले, नवीला ४७. वाचले २६ लिटर. इंधन लिटरला १०० रुपये धरले, तर महिन्याला २,६०० रुपयांची बचत. आता दुसरी बाजू. नव्या गाडीसाठी सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढले, तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास पडतो. वर विम्याचा हप्ता. कुठे २,६०० आणि कुठे साडेबारा हजार! म्हणजे केवळ इंधन वाचते म्हणून नवी गाडी घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

पण जुनीचा खर्चही पूर्ण मांडा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करावी लागते, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. तपासणी, फी, पर्यावरण कर. बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग जुन्या बाजारात शोधावे लागतात, आणि मिळालेला भाग किती दिवस टिकेल याची खात्री नाही. आमच्या मेकॅनिकने एका भागासाठी तीन आठवडे गाडी ठेवून घेतली होती. त्या तीन आठवड्यांचे रिक्षाभाडेही वहीत लिहा!

माझ्या हिशेबात नवी गाडी महागच निघाली. तरी आम्ही ती घेतली. कारण त्या जादा पैशांत आम्ही पट्टे, एअरबॅगा, चांगले ब्रेक आणि मुलांची खुर्ची अडकवायच्या कड्या विकत घेत होतो. धाकटीच्या भुवईवरचा व्रण रोज समोर दिसत असताना मला ते महाग वाटले नाही. तुमच्या घरी हप्ता झेपत नसेल, तर कर्जाच्या ओझ्याखाली जाऊ नका. जुनीच ठेवा, पण तिच्यात चारही दिशांना चांगले पट्टे बसवून घ्या, टायर आणि ब्रेक बदला, सामान दोरीने बांधा, आणि डिकीत मूल बसवू नका. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

निरोप

जुनी गाडी जाताना वाईट वाटलेच. मामंजी आदल्या दिवशी स्वतः बादली-फडके घेऊन तिला धुवायला बसले. “मोडीत जाणारी गाडी कशाला धुताय?” असे ह्यांनी विचारले, तर म्हणाले, “लेक सासरी पाठवताना न्हाऊ घालत नाही का?” नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रात आम्ही ती दिली. तिथून मिळणारे प्रमाणपत्र जपून ठेवा. नवी गाडी घेताना नियमाप्रमाणे करात सवलत मिळू शकते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. नोंदणी रद्द झाली नाही आणि तुमच्या नंबरने कुणी काही केले, तर ताप तुम्हाला.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही पाचजणच नव्या गाडीने चिपळूणला जाऊन आलो. भाचरे मागून एसटीने आली, आंबेही एसटीच्या पार्सलने. घाटात आठजणांची गाणी झाली नाहीत, त्याची रुखरुख मला आहे. मुलांनाही आहे. सगळे मनासारखे होत नाही. पण गाडीत बसल्या बसल्या मागून चार वेळा ‘खट्’ असा आवाज झाला, तेव्हा मी वळून पाहिले. मामंजींनी स्वतःचा पट्टा लावला होता आणि नातीचा ओढून बघत होते.

मोठे पितळी पातेले मात्र मी फळीवर तसेच ठेवले आहे. ते असू दे. त्यात माणसे बसवायची नाहीत.

गाडी बघायला जाताना

• तारे विचारा : मोठ्यांसाठी किती, मुलांसाठी किती. तुम्ही घेता त्याच प्रकारच्या गाडीला मिळालेत का, हेही विचारा.

• मागच्या बाकावरचे तिन्ही पट्टे स्वतः लावून बघा. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे की खांद्यावरूनही येतो?

• आयसोफिक्सच्या कड्या हाताने चाचपून बघा.

• घरातली सगळ्यांत मोठी बॅग बरोबर न्या आणि डिकीत ठेवून बघा.

• घरातल्या वयस्कर माणसाला मागे बसवून उतरवा.

• चालवून तुम्हीही बघा, नुसते ह्यांना देऊ नका. मागे घेताना मागचे दिसते का, पाय क्लचपर्यंत नीट पोचतो का?

• जड सामान डिकीत तळाशी, बाकाला टेकवून ठेवा. पाटा-वरवंटा, गॅसची शेगडी, बरण्या यांना कधीही वर ठेवू नका.

• लहान मूल मांडीवर नाही, डिकीत नाही, पुढच्या सीटवर नाही. मागे, पट्ट्यात.